बायनाबाईचा बैल

पैज लागली पोळ्याच्या दिवशी, मारुतीच्या पारापुढं, आन् लागली ती माज्याच तोंडामुळं.

गावात आता बैल राहिलेत किती. पह्यलं वेशीपासून पारापर्यंत रांग लागायची. आता चार-दोन जोड्या आल्या की पोळा फुटतो, बाकी सगळे ट्रॅक्टर. पोरं ट्रॅक्टरच्या बोनटलाच बेगड चिटकवतेत आन् बाशिंग बांधतेत. पुढं मानाची जोडी तात्यारावची. तात्याराव म्हणजे आमच्यातले मोठे बागायतदार. घरी ट्रॅक्टर हायेत, मळणीचा नवा हडंबा हाय, तरी या एका दिवसाच्या मानापायी खिलारी जोडी पोसतेत. सगळ्यात मागं, वेशीच्या भाईर, सुगतचा ट्रॅक्टर उभा व्हता. सुगत बौद्धवाड्यातला, मारुतीला काय फेरी घालत न्हाई. पण आजच्या दिवशी यालाबी आराम म्हणून त्यानं तो ओढ्यावर धुतला आन् आणून लावला. रंग उडालेला ट्रॅक्टर, मागं त्याच्यापेक्षा म्हातारा हडंबा. इतकी वर्षं तात्यारावच्या ट्रॅक्टरवर डायवर व्हता गडी. गेल्या वरसापासून सोताचं सुरू केलं व्हतं.

माजी पिठाची गिरणी पाराला लागूनच हाय. पायरीवर शेजारची बायनाबाई बसली व्हती. ती कायम तितंच बसती आन् कायम बोलती. गिरणीचा पट्टा बंद पडतो, बायनाबाई बंद पडत न्हाई.

मी आपलं सहज म्हणलो, "हा ट्रॅक्टर बघून घ्या काकू. पुढच्या पोळ्याला इतं नसंल. सुगत परत तात्यारावच्या ट्रॅक्टरवर बसलेला दिसंल."

"कामून?"

"हाताचा ढिला हाय. असल्याला धंदा हुत न्हाई."

"आन् असला तर?"

"तर मी बैल. झूल घालतो, शिंगं लावतो, तुमच्या हातात दावं देतो. फिरवा गावभर."

लोक हसले. बायनाबाई हसली न्हाई. तिनं इचारलं, ती हारली तर काय. मी म्हणलो, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत तोंड उघडायचं न्हाई. भाकरीपुरतं उघडायचं, बोलायला न्हाई. आता मातर लोक पारावरनं खाली यायचे बाकी राहिले. तिच्या सोताच्या सुनंनं टाळी वाजवली. बायनाबाईनं माज्या हातावर हात मारला आन् म्हणली, "शिंगं आतापासून बघून ठेव."

आता ढिला म्हणजे काय, ते सांगतो. 

सोयाबीन काढून झालं की ज्यानं त्यानं वावरात गंजी लावलेली असती. मग सगळ्यांना हडंबा एकाच दिवशी पायजे. ढग आले की तर इचारूच नका. हडंबेवाला त्या दिवसांत राजा असतो. रिवाज आसा की मोठी गंजी आदी. एका जागी मशीन लावली की दिवसभर हलायचं काम न्हाई. डिझेल वाचतं, पोती भराभर निघतेत. लहान गंजीवाल्यानं हात जोडून मागं मागं फिरायचं. सुगतनं हे उलटं केलं. ज्याची गंजी लहान त्याचा नंबर आदी. मी त्याला गिरणीवर इचारलं व्हतं, ही कुठली हिकमत. तो म्हणला, "मामा, मोठ्याची एक भिजली तर दुसरी असती. बारक्याचं सगळं वरीस त्या एका ढिगात असतंय." आन् पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गेला.

दुसरं म्हणजे मातेरं. रास झाली की खळ्यावर मातीत मिसळलेला दाणा उरतो. तो मशीनवाल्याचा, हे माज्या आज्यापासून चालत आलेलं. झाडून, चाळून, पाखडून बरंच निघतं. सुगत त्याला हातच लावत न्हाई. राशीवर राबलेल्या बायांना म्हणतो, तुमी न्या. 

आन् तिसरं म्हणजे महारुद्र. हा पाथरीकडचा गडी, सुगतच्या हाताखाली मशीनला घास द्यायला आला व्हता. सुगतनं त्याला ट्रॅक्टर शिकवला, बेरिंग कसं ऐकायचं ते शिकवलं, आन् शेवटी म्हणला, किती दिवस माज्यामागं धूळ खातो, तुजी मशीन घे. निस्तं म्हणला न्हाई. सोता जाऊन जुनी मशीन पारखून दिली, पत्रा मारून दिला. म्हणजे आपल्या हातानं आपल्याच धंद्याला भागीदार उभा केला. आता सांगा, पैज लावू नको तर काय करू.

पण मी निस्ती वाट बघणारा माणूस न्हाई. पैज लावायची तर तिला जरा शेकबी द्यावा लागतो. 

गिरणीवर सगळं गाव येतं. मी आलेल्या प्रत्येकाला हळूच सांगायला लागलो, सुगतकडं जा, तो कुणाला न्हाई म्हणत न्हाई. ज्याच्या वावराला वाट न्हाई त्याला सांगितलं. ज्याची गंजी टोपलीभर हाय त्याला सांगितलं. जो पैसे द्यायचं नाव काढत न्हाई त्याला तर दोनदा सांगितलं. पंचफुला म्हणून एक बाई हाय, नवरा ऊसतोडीला गंगाखेडकडं गेलेला, एकलीच वावर बघती. तिचं वावर नाल्याच्या पल्याड, तितं बैलगाडी जायची बोंब. कोणता हडंबेवाला तिकडं बघायलाबी तयार नव्हता. मी तिचं पीठ बांधता बांधता म्हणलो, "बाई, सुगतला सांगून बघ. नाला-बिला तो काय मानत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गिरणीतनं मला दिसायलं. सुगत, त्याची बायको धम्मशीला आन् पंचफुला नाल्यात उतरून दगडं टाकायलीत. उतार करायलीत. धम्मशीलेनं लुगडं खोचून घेतलेलं, डोक्यावर पाटी, चिखल पिंडरीपर्यंत. अर्धा दिवस त्या उतारात गेला. ट्रॅक्टर उतरला तवा एका अंगाला आसा कलला की मी पिठाचा हात कपाळाला लावून बघतच राहिलो. उलटला आसता तर पैज तितंच संपली असती. खरं सांगतो, तवा मला ते नको वाटलं. 

उलटला न्हाई. सांजच्याला पंचफुलाचं सोयाबीन पोत्यात, आन् मातेरं तिच्याच पदरात.

त्याच दिवशी तात्यारावचा हडंबा दुसरीकडं गुतलेला, म्हणून त्यांचा पुतण्या गोपाळ मोठ्या वावराचा नंबर लावायला सुगतच्या घरी गेला व्हता. सुगत घरी न्हाई म्हणून माघारी आला. गिरणीवर बसून मला म्हणला, याला अक्कल येईल तवा ट्रॅक्टर भंगारात असंल. मी त्याला चहा पाजला. माज्या मनासारखं बोलायला व्हता ना.

मग पाऊस आला. दसरा होऊन गेला व्हता, पाऊस जायला पायजे तर उलटा फिरला.

दुपारची येळ. माजी गंजी माज्या वावरात, गिरणीच्या मागंच, उघडी. उद्या झाकू, उद्या झाकू करत मी ताडपत्री आणलीच नव्हती. आभाळ गंगाखेडच्या अंगानं काळं व्हत आलं. मी आन् माजी बायको नर्मदा पळालो. घरातली चवाळी, खताच्या मोकळ्या गोण्या, माजी चादर, जे घावलं ते गंजीवर टाकायलो. वारं ते सगळं उचलून बांधावर नेऊन टाकत व्हतं. चादर तर बाभळीत जाऊन अडकली.

सुगतचं घर तितनं जवळ. त्याच्या दारात हडंबा उभा, त्याच्यावर मोठी ताडपत्री, दोरीनं आवळलेली. सुगतनं आमच्याकडं बघितलं. एकदा वर बघितलं. मग दोऱ्या सोडायला लागला.

मी लांबूनच वरडलो, मशीन भिजंल. त्याला ऐकू गेलं का न्हाई कुणाला ठाऊक. तो आन् धम्मशीला ताडपत्रीची दोन टोकं धरून पळत आले. चौघांनी ती गंजीवर वढली, कडंनी दगडं ठेवली. शेवटचा दगड ठेवला आन् थेंब आले, मोठाले, अंगाला लागणारे. आमी चौघं पळालो ते सुगतच्या ओट्यावर. समोर हडंबा उघडा भिजत व्हता. पत्र्यावर आवाज आसा की बोललेलं ऐकू येईना.

सुगतची आई कुसुमबाई भाईर आली. आमाला दोघांना अंग पुसायला धडपा दिला. म्हणली, भाकरी गरम हाय, दोन घास खावा.

"आताच जेवून आलो, मावशी," मी म्हणलो.

आमच्या आळीचं त्या ओट्यावर ठरलेलं उत्तर हे. माजा बाप तेच म्हणायचा, माजा आजाबी तेच म्हणायचा. सुगतला गिरणीवर माज्या कपात चहा देतो मी, पण त्या ओट्यावर आमच्यातलं कुणी ताटाला बसलेलं मी बघितलं न्हाई. सकाळपासनं माज्या पोटात अन्नाचा कण नव्हता. कुसुमबाईनं ते बघितलं, समजली, आन् आत गेली. नर्मदा खाली बघत व्हती.

पाऊस थांबता थांबंना. उघडीप झाली तवा वावरात पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जात व्हता. आणखी ऊन पडून दोन-तीन दिवस गेले आन् लोकांनी गंज्या उघडायला सुरवात केली. काहींचं काळं पडलं व्हतं, काहींना मोड आले व्हते. माजं कोरडं. हात घातला तर शेंगा खुळखुळ वाजल्या.

सुगतनं हडंबा चालू केला. चालू केला म्हणजे करायला गेला. आत राहिलेलं भुसकट भिजून फुगलेलं, ड्रम जाम, बेरिंग गंजलेलं. त्यानं आतलं सगळं हातानं काढलं, पट्टा पुसला, तेल दिलं. मशीन फिरली, एक चक्कर, दोन चक्कर, आन् आतनं आसा आवाज आला की बायनाबाईचं बोलणंबी ऐकू येईना. शाफ्ट वाकला व्हता. परभणीला मोंढ्यात जाऊन आला, तिकडं तसला मिळंना. जुनी मशीन, भाईरनं मागवावं लागंल, येळ लागंल म्हणले. आन् सोयाबीनला येळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्याराव गिरणीवर आले.

गिरणीत खुर्ची एकच हाय. तात्याराव तिच्यावर बसले आन् मला म्हणले, सुगतला बोलावून घे. सुगत आला तसा आला, हात कोपरापर्यंत काळे, कपाळाला ग्रीस. तो उभा राहिला. बसायला जागा नव्हती, आन् असती तरी कुणी सांगितलं नसतं. तात्यारावांनी आदी माज्याशी गव्हाच्या भावाच्या गोष्टी केल्या. पट्ट्याचा आवाज कमी कर म्हणले. मग भावाच्या आणखी गोष्टी. सुगत उभाच. बाया डबे घेऊन यायच्या, त्याच्याकडं बघायच्या, डबा ठेवून जायच्या. 

मग त्यांनी खिशातनं ट्रॅक्टरची चावी काढली आन् पिठाच्या पोत्यावर टाकली. हातात न्हाई दिली, टाकली.

"तुजी जागा तशीच ठेवली हाय," म्हणले. "तुज्याकडचे नंबर माज्या हडंब्याला दे. ते लोखंड इकून टाक. बारकी माणसं बारक्यांना संबाळायला गेली की आसं हुतं."

सुगतनं चावीकडं बघितलं. पोत्यावर पडून तिला पीठ लागलं व्हतं. तो म्हणला, सांगतो दोन दिवसांत. तात्याराव उठले, चावी तितंच ठेवून गेले. म्हणजे गिरणीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ती बघावी.

मी खूश व्हतो. पैज जितल्यात जमा व्हती. मी बायनाबाईला म्हणलो, आजपासून तोंडात पाणी धरून बसायची सवय लावा. तिनं पदरानं चावीवरचं पीठ पुसलं आन् चावी उचलून खिडकीत ठेवली.

घरी नर्मदा निवडायला बसली व्हती. सुपात गंजीतल्या दोन पेंढ्या हातानं बडवून काढलेलं आमचंच सोयाबीन, पिवळं धमक. मी तिला चावीची गोष्ट सांगितली, जरा रंगवून. तिनं सूप खाली ठेवलं.

"आपलं कोरडं राह्यलं म्हणून त्याचं भिजलं," ती म्हणली. "आन् तुमाला हसू येतंय."

एवढंच. मग परत निवडायला लागली. मी जेवलो, पण आमटीला चव नव्हती. तिला आमटी बिघडवायची सवय न्हाई.

सकाळी तात्यारावचा हडंबा गावात फिरायला लागला. वर गोपाळ. सुगत बंद पडला, आता आमच्याकडंच यावं लागंल, आसं वरडत निघाला. पह्यली गंजी बायनाबाईची. बायनाबाईनं त्याला काय काय सांगितलं ते मी लिहू शकत न्हाई, पण थोडक्यात, तिचा नंबर सुगतकडं हाय आन् ती थांबणार. गोपाळ हसला, पुढं गेला. पुढच्यानंबी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यानं बी. 

मला काय खरं वाटंना. मी गिरणी तशीच सोडून मागं मागं गेलो. आभाळात परत ढग जमायले व्हते. नाल्याच्या अल्याड पंचफुलाच्या भावाची गंजी व्हती, यंदा तीच बघत व्हती. पंचफुला गंजीवर चढून बसलेली. खाली मशीन घडघड करायली, वर ही. गोपाळ म्हणला, बाई, पाणी आलं तर सगळं सडंल. ती म्हणली, सडू दे. गोपाळ म्हणला, सुगतची मशीन मोडली हाय. ती म्हणली, मोडली तर नीट हुईल.

मी खालनं इचारलं, "आगं, कशाच्या भरवशावर बसलीस?"

तिनं माज्याकडं आसं बघितलं, जसं काय मलाच कळायला पायजे व्हतं.

"तुमीच तर सांगितलं व्हतं मामा," ती म्हणली. "तो न्हाई म्हणत न्हाई."

मी गुमान गिरणीवर आलो. रस्त्यानं बघत आलो. ज्या ज्या गंज्या थांबलेल्या, त्या सगळ्या माज्याच गिऱ्हाइकांच्या. टोपलीभर गंजीवाला, वाट नसलेला, पैशाचं नाव न काढणारा. एक-एक मी हातानं निवडून धाडलेला. सुगतला बुडवायला मी जी फौज पाठवली ती आता आपल्या पिकावर बसून त्याची वाट बघायली व्हती. आन् हे सोपं न्हाई बरं का. ढगाखाली पीक धरून बसणं म्हणजे काय, ते ज्याचं वावर हाय त्यालाच कळतंय.

ही खबर सुगतपर्यंत गेली तवा तो दारात बसून वाकलेला शाफ्ट हातोडीनं ठोकायला व्हता. धम्मशीला सांगती, त्यानं हातोडी ठेवली आन् हात पुसले. मग महारुद्रला फोन लावला. आतापर्यंत लावला नव्हता. का, तर त्याचाबी हंगाम हाय, त्याला कसं म्हणायचं. दुसऱ्यासाठी नाल्यात दगडं टाकतो, पण सोतासाठी फोन करायला याची जीभ रेटत न्हाई.

महारुद्र सांज व्हायच्या आत आला. एकला न्हाई, हडंबा घेऊन. म्हणला, तिकडचं आजून वलं हाय, वाळायला येळ हाय, तवर हाय मी. सुगत म्हणला, आपुन अर्धं-अर्धं करू. महारुद्रनं मशीनचा पट्टा चढवता चढवता सांगितलं, "नंबर तुमचे, दादा. मशीन निस्ती उभी करायला आलोय."

मग जे काम चाललं ते काय सांगू. सुगत घास द्यायचा, महारुद्र ट्रॅक्टर बघायचा, धम्मशीला पोती शिवायची. भुसकटानं माणूस वळखू येत नव्हता, निस्ते डोळे. सुगतच्या पंज्यांना चिरा पडून रगत यायलं तर त्याला फडकं बांधून परत घास. आन् नंबर तोच, बारकी गंजी आदी. माजी गंजी मधली, माजा नंबर मधी. मी माजी ताडपत्री, म्हणजे त्याची, घडी घालून परत केली. वरनं पाणी आलं खरं, पण तवर पोती घरात व्हती.

बायनाबाईनं खिडकीतली चावी उचलली आन् सोता जाऊन तात्यारावच्या ओट्यावर ठेवून आली. जाता जाता मला म्हणली, शिंगं बघितलीस का.

आजून बघितली नव्हती. कारण पुढं शाफ्ट मिळून हडंबा नीट झाला, तरी त्या हंगामानं ट्रॅक्टर दमला व्हता. हरभऱ्याच्या वक्ताला तर तो चढावर थांबायचा आन् सुगत उतरून त्याच्याकडं बघत उभा राहायचा. इंजिन उघडावं लागंल, आन् तेवढी ऐपत न्हाई, हे सगळ्यांना दिसत व्हतं. तात्यारावनं परत निरोप धाडला. सुगतनं या बारीला लगेच न्हाई म्हणलं न्हाई. धम्मशीला गिरणीवर आली तवा तिचं तोंड उतरलेलं व्हतं. म्हणली, पाडव्यानंतर ते बहुतेक तिकडं जातेत.

पाडव्यानंतर दुसरंच झालं. आमच्या शेतकरी गटाला अवजार बँक मिळाली. नवा ट्रॅक्टर, हडंबा, पेरणीयंत्र, सगळं गटाच्या मालकीचं, सभासदांना भाड्यानं. त्याला एक चालवणारा पायजे. मशीन त्याच्या ताब्यात, पगार त्याला, आन् हाताखाली माणसंबी तोच लावणार. लिंबाखाली बैठक बसली. दोन नावं आली, गोपाळ आन् सुगत. ज्याचे हात जास्त, त्याची मशीन.

सुगत लांब, लिंबाच्या मुळीवर बसलेला. चप्पल काढून बाजूला ठेवली व्हती, शाळेत ठेवतेत तशी. हे झालं न्हाई तर तो पुढच्या हप्त्यात तात्यारावच्या चावीला हात लावणार, हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. 

गोपाळसाठी हात आले. तात्यारावचं पाणी घेणारे, त्यांच्या उसाला जाणारे, भावकी. पुष्कळ आले. मग सुगतसाठी. पंचफुला, टोपलीवाला, वाट नसलेला, बायनाबाई, आन् नर्मदा. मोजणारानं दोनदा मोजले आन् म्हणला, बरोबरी झाली. कोण राहिलं का.

मी राहिलो व्हतो. मी दोन्ही बारीला हात मांडीखाली घालून बसलो व्हतो.

सगळी माज्याकडं वळली. तात्याराव मिशीला हात लावून माज्याकडं बघून हसले, आपला माणूस म्हणून. मला वाटलं, आता बायनाबाई बोलंल. आता पैजेवरनं टोमणा मारंल, शिंगांचं काढंल, मग मी चिडंन आन् सुटंन. ती बोललीच न्हाई. सगळ्या जलमात पह्यल्यांदा बाई तोंड मिटून बसली व्हती आन् माज्याकडं बघत व्हती. सुगत बघत नव्हता. तो आपल्या चपलांकडं बघत व्हता. ती ताडपत्री सोडताना त्यानं एकदाच वर बघितलं व्हतं, ते मला आठवलं. ढगाकडं एकदा, आन् मग दोरीला हात.

मी हात वर केला. 

गोपाळ म्हणला, मामा, मुंगी चावली का. मी म्हणलो, व्हय, लय मोठी.

तिथनं पुढं सुगतचं काय झालं ते गाव बघतंच हाय. खरीप पेरणीला नवं पेरणीयंत्र घेऊन तो पह्यला पंचफुलाच्या वावरात उतरला. आजूबाजूच्या गावातनं लोक नंबर सांगायला यायलेत. हाताखाली दोन गडी लावले, आन् त्यांनाबी ट्रॅक्टर शिकवायला. खोड जात न्हाई. पेडगावच्या गटानं त्याला सल्ला इचारायला बोलावलं, तिकडं सदरा इस्त्री करून गेला. तात्यारावचा एक ट्रॅक्टर नांगराला बिघडला तवा त्यांनी सोता फोन केला. सुगत गेला आन् त्यांना म्हणला, तुमचा नंबर उद्या. आज बारक्यांचे हायेत.

आन् मग पोळा आला. सुगत तात्यारावच्या ट्रॅक्टरवर परत बसला नव्हता, म्हणजे पैज मी हारलो व्हतो.

आदल्या सांजच्याला खांदमळणी असती. बायनाबाई हळद आन् लोणी घेऊन माज्या दारात हजर. अंगणात बसवलं, सदरा काढायला लावला, आन् माजे खांदे आसे चोळले की कातडं निघायचं बाकी राहिलं. सगळी आळी बघायला. नर्मदा दाराआड तोंडात पदर घालून. मग बायनाबाईनं हात जोडले आन् आवतण दिलं, उद्या जेवायला या. बैलाला बोलता येत न्हाई म्हणून मी निस्ती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी झूल अंगावर. तात्यारावच्या मागल्या वरसाची, त्यांनीच धाडली, हसत हसत. पुठ्ठ्याची शिंगं, त्याला बेगड. गळ्यात घुंगुरमाळ, मागं दोरीची शेपटी. पाठीवर गेरूचे ठिपके, ते ठिपके काढायला पोरं रांगंत. बायनाबाई म्हणली, सुगतच्या हातात दावं देऊ. सुगतनं दावं हातात घेतलं, बघितलं आन् परत तिच्या हातात दिलं.

"माणसाला दावं म्या न्हाई धरणार, काकू," तो म्हणला. "सोबत चालतो."

मग दावं बायनाबाईकडं आन् सुगत माज्या बाजूनं. वेशीपासून पारापर्यंत गाव दोन्ही अंगांनी उभं. मोबाइल तर इतके की आमदार आल्यावरबी निघत न्हाईत. गोपाळ शेपटीला हात लावायला आला, मी लाथ झाडली. मानाची जोडी पुढं गेली, तिच्याकडं कुणी बघितलंच न्हाई, तात्यारावलाबी हसू आलं. 

पोळ्याचा बैल घरोघर जातो, आन् प्रत्येक दारात त्याला पुरणपोळीचा घास देतेत. बैलानं नको म्हणायचं नसतं. बायनाबाईनं मला एकबी घर सोडू दिलं न्हाई. टोपलीवाल्याच्या घरी घास, वाट नसलेल्याच्या घरी घास. पंचफुलानं अख्खी पोळी तोंडात कोंबली. पोट झुलीला लागलं.

शेवटी बौद्धवाड्याकडं वळलो. सुगतचा ओटा. नवा ट्रॅक्टर दारात, हडंब्यावर तीच जुनी ताडपत्री. मागं सगळं गाव आलेलं, आमची आळी, माजी भावकी. कुसुमबाई भाईर आली. तिच्या हातात पोळी व्हती, तूप सोडलेली. ती पायरीवरच थांबली. पुढं करावी का न करावी, आसं तिच्या तोंडावर. तिला ते उत्तर ठाऊक व्हतं. तीन पिढ्यांचं.

मी तिच्याकडं बघितलं. बैलाला कुठं बोलता येतं, जेवून आलो म्हणून.

मी मान पुढं केली. तिच्या हातचा घास घेतला, सगळ्यांसमोर, तूप हनुवटीवरनं खाली येईपर्यंत. पोळी गरम व्हती.

बायनाबाईनं दावं वढलं, चल म्हणली, झाली फेरी. मी हललो न्हाई. तिनं परत वढलं. घुंगरं वाजली, मी जागचा सरकलो न्हाई. लोक हसायले. तिनं इचारलं, आता काय झालं रं तुला.

"बैल अडलाय काकू," सुगत म्हणला. माजं एक शिंग घसरून कानावर आलं व्हतं, ते त्यानं नीट बसवलं. मग आईकडं वळला.

"माय, आणखी एक आण."